एक पिचकारी, चार चाकं!

जुन्या अॅम्बॅसेडरचं इंजिन चकाचक, रंग झळझळीत. पण पायाखालच्या ब्रेकचं काय? कोलकात्याच्या हौशी गाडीवाल्यांनी आधी कुठे हात घालायला हवा, त्याची ही हकिगत.

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी कोलकात्यात जुन्या गाड्यांची रॅली भरते, तेव्हा बघ्यांची पावलं कुठे थबकतात? अर्थात बॉनेटपाशी! पितळी हॉर्न, तारांची चाकं, चामड्याच्या सीट्स... 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६८ साली या शहरात सुरू केलेली विंटेज आणि क्लासिक गाड्यांची रॅली म्हणजे हौशी मंडळींची जत्राच. त्या एका दिवसासाठी मालक महिनोन् महिने खपतात. क्रोमवर स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत घासतात. मात्र त्याच गाडीच्या पोटाखाली तेलकट चिखलाने माखलेला, बिडाचा एक जेमतेम वीतभर तुकडा असतो. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. कधी कधी जातच नाही. त्याचं नाव ब्रेकचा मास्टर सिलिंडर.

रॅलीतल्या राजेरजवाड्यांच्या गाड्या बाजूला ठेवू. कोलकात्याची खरी घरची गाडी म्हणजे अॅम्बॅसेडर. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ साली गुजरातेतल्या ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये हुगळी जिल्ह्यातल्या उत्तरपाड्याला आली. कारखान्याशेजारच्या रेल्वे स्टेशनचं नावच हिंदमोटर! इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री या गाडीचा साचा घेऊन इथे १९५७-५८च्या सुमारास अॅम्बॅसेडर बनू लागली आणि मे २०१४ मध्ये कारखान्याचं काम थांबेपर्यंत बनत राहिली. मंत्र्यांची पांढरी गाडी तीच, कोलकात्याची पिवळी टॅक्सीही तीच. मुंबईकरांना प्रीमियर पद्मिनीचा जेवढा लळा, तेवढाच कोलकातेकरांना हिचा. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली. कोलकात्यात व्यावसायिक गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा पडल्यापासून पिवळ्या टॅक्सींची संख्याही झपाट्याने ओसरली.

टॅक्सी ओसरल्या तशी घरातल्या अॅम्बॅसेडरची किंमत वाढली. पैशातली नव्हे, मनातली. वडिलांची, काकांची, सासऱ्यांची गाडी पत्र्याच्या शेडमधून बाहेर निघते, रंगाला जाते, रविवारी बायको-मुलांना घेऊन फिरायला निघते. मागच्या सीटवर पट्टे नसतात. गाडीचं वजन अकराशे किलोच्या पुढे. आणि हे सगळं वजन थांबवण्याची जबाबदारी असते त्या एका बिडाच्या तुकड्यावर.

पायाचा जोर चाकापर्यंत

रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा दाबला की पाणी पुढच्या भोकातून बाहेर येतं. मास्टर सिलिंडर म्हणजे अशीच एक पिचकारी. पेडल दाबलं की आतला पिस्टन पुढे सरकतो, ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकललं जातं. प्रत्येक चाकापाशी एक छोटा सिलिंडर असतो. तेलाच्या दाबाने त्याचे पिस्टन बाहेर येतात, ब्रेक शू ड्रमला घासतात आणि गाडी थांबते. बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने तो मोटारीच्या ब्रेकला लावला आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग गाडीत असा ब्रेक आला. विमानवाल्या लॉकहीडचा हा भाऊ! त्याआधीच्या गाड्यांत सगळा कारभार दांड्या आणि तारांचा. फोर्डने तर १९३९ सालच्या मॉडेलपर्यंत दांड्या-तारा सोडल्या नाहीत.

पण या सुंदर युक्तीत एक मेख आहे. सगळीकडे दाब सारखा पोहोचतो, तसाच एका ठिकाणी गळती झाली की सगळीकडचा दाब एकदम जातो. जुन्या अॅम्बॅसेडरमध्ये, मॉरिसमध्ये, फियाटमध्ये पिचकारी एकच. मागच्या डाव्या चाकाचा दोन-चार रुपयांचा रबरी वॉशर फाटला तरी पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक लागत नाही. पेडल सरळ तळाला जातं. हातात उरतो फक्त हँडब्रेक. तो तारेने मागच्या दोन चाकांना जोडलेला असतो, तेलाशी त्याचा संबंध नसतो, म्हणून तेवढा वाचतो. जुने ड्रायव्हर पेडल मऊ लागलं की दोन-तीनदा भराभर पंप करून ब्रेक 'उचलून' घेत. ती सवय कौतुकाने सांगितली जाते. खरं तर ती रोगाची खूण आहे.

सपाट शहराचा फसवा दिलासा

कोलकात्यात हा रोग लवकर लक्षात येत नाही. शहर परातीसारखं सपाट, रस्त्यावर गर्दी, वेग बैलगाडीचा. तिसरा गिअर पडला तरी नशीब! अशा वाहतुकीत अर्धामुर्धा ब्रेकही निभावून नेतो. पुण्या-मुंबईचा माणूस निदान खंडाळ्याच्या घाटाला भिऊन ब्रेक तपासतो. कोलकात्याच्या मालकाला घाट ठाऊकच नाही. त्याची परीक्षा होते ती १९९२ साली खुल्या झालेल्या विद्यासागर सेतूच्या उतारावर, किंवा एखाद्या उड्डाणपुलावरून उतरताना पुढची बस अचानक थांबते तेव्हा.

शिवाय इथली हवा. ब्रेक ऑइलला पाणी शोषून घ्यायची खोड असते. मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की पावसाळ्यात मीठ जसं ओलं होतं, तसंच. डॉट ३ जातीचं ताजं तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळता कामा नये असा दंडक आहे. तेच तेल पाणी प्यायल्यावर १४० अंशांपर्यंत घसरू शकतं. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते. दाब चाकापर्यंत पोहोचतच नाही. घाटात गाडी बेब्रेक होते ती बहुतेकदा अशी.

सपाट कोलकात्यात वाफेचं भय कमी, गंजाचं जास्त. तेलात शिरलेलं पाणी सिलिंडरची आतली गुळगुळीत भिंत खायला लागतं. रोज चालणाऱ्या टॅक्सीपेक्षा वर्षातून चार दिवस बाहेर पडणाऱ्या लाडक्या गाडीचा सिलिंडर लवकर खराब होतो, तो यामुळेच. पिस्टन रोज जेवढा सरकतो तेवढीच भिंत घासून चकचकीत राहते. त्याच्या पुढचा भाग गंजून खरखरीत होतो. एक दिवस जोरात ब्रेक मारायची वेळ येते, पिस्टन कधी नव्हे एवढा पुढे जातो आणि रबर त्या खरखरीत भागावर फाटतं. म्हणजे दगा होतो तो नेमका गरजेच्या क्षणी!

एकाचे दोन

यावर इलाज जुनाच आहे. १९६२ साली कॅडिलॅकने एकाऐवजी दुहेरी मास्टर सिलिंडर दिला आणि १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला टँडम सिलिंडर म्हणतात. नळी एकच, पण तिच्यात एकामागे एक असे दोन पिस्टन आणि तेलाचे दोन वेगळे कप्पे. एक कप्पा पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्या. पुढची नळी फुटली तर त्या कप्प्यातलं तेल जातं, पिस्टन रिकाम्या जागेतून पुढे सरकून टेकतो आणि दुसऱ्या कप्प्याचं काम चालू राहतं. पेडल नेहमीपेक्षा खाली जातं, ड्रायव्हरच्या छातीत धस्स होतं, पण गाडी थांबते.

थांबते, पण पूर्वीसारखी नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. पुढचा कप्पा गेला आणि मागचाच उरला तर निम्म्यापेक्षा कमी ब्रेक उरतो. तरीही शून्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आता गंमत बघा. जुन्या गाडीला 'चांगला' ब्रेक बसवायचा ठरलं की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो मोठा सिलिंडर टाकण्याचा. मोठा म्हणजे जोरदार, असा सरळ हिशेब. तो साफ उलटा आहे.

समजा, ड्रायव्हरने पेडलवर ३० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, म्हणजे पिस्टनवर १५० किलो. पिस्टनचा व्यास पाऊण इंच असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर. तेलात दाब तयार झाला दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ५३ किलो. तोच व्यास सात अष्टमांश इंच केला तर दाब ३९ किलोवर येतो. आणि सढळ हाताने एक इंची सिलिंडर टाकला तर जेमतेम ३० किलो! पाय तोच, जोर तोच, ब्रेक मात्र निम्म्याच्या जवळ आला. पेडल कमी खाली जातं, दगडासारखं घट्ट लागतं, म्हणून मालक खूश होतो. 'काय टाइट ब्रेक झालाय!' गाडी मात्र पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबते. घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक हा गैरसमज अनेक गॅरेजमध्ये अजून ठाण मांडून बसलेला आहे.

उलट बाजूही आहे. व्यास फार लहान घेतला तर दाब भरपूर, पण तेल कमी सरकतं. शू ड्रमला टेकायच्या आत पेडल तळाला जातं. म्हणून साधा नियम असा, की चाकांकडचे ब्रेक मूळचेच ठेवायचे असतील तर नव्या टँडम सिलिंडरचा व्यास जुन्याइतकाच घ्यावा. दोन कप्प्यांना मिळून तेल तेवढंच लागतं, त्यामुळे पेडलचा प्रवासही साधारण तेवढाच राहतो. पुढे डिस्क ब्रेक बसवणार असाल तर मात्र सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. डिस्कला जास्त दाब लागतो, तो पायाने देणं जड जातं, मग बूस्टर आला. बूस्टर चालतो इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर. पेट्रोल इंजिनात ही ओढ फुकट मिळते. डिझेल इंजिनात ती नसते, वेगळा पंप लावावा लागतो. कोलकात्यात डिझेल अॅम्बॅसेडर काही कमी नव्हत्या. तेव्हा असली गाडी असेल तर एका कामातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं निघतं. खिशाची तयारी नसेल तर ड्रम ब्रेक ठेवून नुसता सिलिंडर दुहेरी करणं हाच शहाणा मार्ग.

अर्ध्या मिलिमीटरचा घात

जुन्या अॅम्बॅसेडरचा मास्टर सिलिंडर असतो ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याच्या आड. मॅट उचलून तेल पाहायचं! तिथे लांबलचक टँडम सिलिंडर बसवायला जागा अपुरी, म्हणून वेल्डिंग करून नवं ब्रॅकेट बनवतात. हे काम नीट जमलेलं नसेल तर जोरात पाय देताच ब्रॅकेटच वाकतं आणि पायाचा जोर पत्र्यात मुरतो. सिलिंडर खाली आणि चाकांचे ब्रेक वर, अशी उंचीची उलटापालट असली तर तेल परत खाली उतरू पाहतं. ड्रम ब्रेकच्या नळीत थोडासा दाब कायम राखणारी झडप असते. जुन्या सिलिंडरमध्ये ती आतच असते. नव्यात ती आहे की नाही हे विचारायला हवं. नसेल तर वेगळी लावावी, नाहीतर दर वेळी पहिला ब्रेक पोकळ लागतो.

त्याहून कावेबाज आहेत ते आटे. इंग्रजी वंशाच्या जुन्या गाड्यांत नळ्यांचे नट सहसा इंची आट्यांचे असतात, तीन अष्टमांश इंच म्हणजे ९.५ मिलिमीटरच्या आसपास. नव्या जपानी वंशाच्या गाड्यांच्या सिलिंडरला आटे १० मिलिमीटरचे. फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. जुना नट नव्या भोकात जातो, थोडा आवळतोही. मेकॅनिकला वाटतं, बसला. पण आट्यांनी एकमेकांना धड पकडलेलं नसतं. रोजच्या हलक्या ब्रेकला तेल गळत नाही, पण एखाद्या दिवशी जिवाच्या आकांताने पाय दाबला की नट निसटतो. नळीच्या तोंडाचा आकारही दोन्हींत वेगळा असू शकतो. म्हणून सिलिंडर बदलला की त्याच्या जोडीचे नट घेऊन नळ्यांची तोंडं नव्याने बनवून घ्यावीत. यात कंजुषी नको.

तिसरी जागा पेडल आणि पिस्टन यांच्यामधल्या दांडीची. पाय काढल्यावर ही दांडी आणि पिस्टन यांच्यात दीड-एक मिलिमीटर सैलपणा राहायला हवा. दांडी घट्ट बसवली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि तापलेल्या तेलाला परतीची वाट मिळत नाही. मग रेड रोडवर मोकळी धावणारी गाडी दोन किलोमीटरनंतर आपणहून जड होते, चाकं तापतात, ब्रेक जाम होतात. दोष नव्या सिलिंडरला दिला जातो. असतो तो दांडीचा.

सामान कुठून आणायचं?

कारखाना थांबला म्हणजे भिस्त बाजारावर आली. कोलकात्यात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध ठिकाण म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवरचा मल्लिक बाजार. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, दिवे, गिअरबॉक्स, सगळं इथे सापडतं. जाता जाता एक मराठी आठवण. हा रस्ता म्हणजे जुना लोअर सर्क्युलर रोड. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून कलकत्त्याच्या लोकांनी १७४२ साली 'मराठा डिच' हा खंदक खणायला घेतला. तो अर्धवटच राहिला आणि १७९९ मध्ये त्यातला बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. ज्या मराठ्यांच्या घोड्यांना थांबवायला खंदक खणला, त्याच्या जागी झालेल्या रस्त्यावर आज गाड्या थांबवायचं सामान मिळतं!

मल्लिक बाजारातून दरवाज्याची मूठ जुनी घ्या, दिव्याची काच जुनी घ्या. मास्टर सिलिंडर मात्र वापरलेला घेऊ नये. घ्यावाच लागला, मूळ जातीचा दुसरा मिळतच नसला, तर त्याची भिंत उजेडात धरून बघावी. नखाला खळगा लागला की तो सिलिंडर नुसता रबर किट बदलून चालणार नाही. चांगल्या लेथवाल्याकडे देऊन आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवता येते. मूळ व्यास राखून केलेलं हे काम वर्षानुवर्षं टिकतं. जे मालक मूळच्या सिलिंडरला धक्का लावायला तयार नाहीत, त्यांच्यासाठी हाच उपाय.

असे मालक बरेच असतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच राहावी, नाहीतर ती क्लासिक कसली? २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी अशी अट आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. ब्रेकच्या सिलिंडरचं नाव त्या यादीत नाही. तरी ब्रॅकेटसाठी चॅसी कापायची वेळ येत असेल तर आधी आरटीओत विचारून घेणं बरं. चॅसीला वेल्डिंग न करता नटबोल्टने बसणारं ब्रॅकेट बनवून घेतलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. उद्या गाडी मूळ रूपात दाखवायची झाली तर अर्ध्या दिवसात जुना सिलिंडर परत जागेवर.

नवं बसलं, आता पुढे

नळ्यांतली हवा काढायची ती सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. उजव्या हाताच्या गाडीत म्हणजे मागचं डावं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून नट सैल-घट्ट करायचा. घरातल्या मोठ्या मुलाला बसवण्यासारखं काम आहे. फक्त तेल डोळ्यांत आणि रंगावर उडणार नाही एवढं पाहावं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. निघालेलं तेल गाळून परत टाकीत ओतायचा मोह अनेकांना होतो. ते टाकूनच द्यावं. डबा फोडून महिनोन् महिने ठेवलेलं तेलही नको. आणि इंजिन ऑइल किंवा रॉकेल चुकूनही त्या टाकीत जाता कामा नये. थेंबभर खनिज तेलानेही ब्रेकची रबरं फुगतात आणि मग सगळीच नवी घालावी लागतात. दर दोन वर्षांनी तेल बदलावं. कोलकात्याच्या दमट हवेत त्याहून आधी बदललं तरी नुकसान नाही.

मग इंजिन बंद ठेवून पेडलवर सगळा भार देऊन अर्धा मिनिट उभं राहावं. पेडल हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे, गाडी जागची हलवायची नाही. पेडल ठाम राहिलं तर गाडीखाली वाकून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. सगळे कागद कोरडे निघाले की सकाळी लवकर, एखाद्या मोकळ्या आवारात, ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने पहिला ब्रेक मारावा. डावा-उजवा ओढ आहे का ते बघावं. तोवर एक हात हँडब्रेकजवळ असू द्यावा आणि मागच्या सीटवर कुणालाही बसवू नये.